हत्तीची शेपटी

मुंबईत लोखंडावर माझ्या साडूंइतकं प्रेम करणारा दुसरा माणूस सापडलाच, तर तो भंगारवाला असणार, आणि त्याचंही प्रेम किलोच्या भावाने असणार. साडूंचं तसं नाही. त्यांना लोखंडाकडून काही म्हणजे काही नको असतं. काम तर नकोच नको. लालबागला तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड आहे आणि त्यात एकच लोखंडी कपाट. वरच्या कप्प्यात ताईंच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, साड्या. खालच्या तीन कप्प्यांत साडूंचे पाने, पकडी, हातोड्या, कानशी, सगळं जुन्या धोतराच्या मऊ फडक्यांत गुंडाळून निजवलेलं. ताईंच्या पैठणीला एक डांबरगोळी आणि पान्यांना तीन. "लोखंडाला कसर लागत नाही हो," असं मी एकदा म्हणालो, तर ते म्हणाले, "आजवर लागली नाही, ती कशामुळे?"

हे ऐकून कोणाला वाटेल की गृहस्थ गिरणीत फिटर असतील, नाहीतर गोदीत. मुळीच नाही. ते विम्याच्या कचेरीत दाव्यांच्या टेबलावर होते. लोकांचे दावे कुठल्या अटीत अडकतात हे शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पान्याने त्यांनी काही आवळलेलं किंवा सैल केलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांच्या मोरीतला नळ मी त्या घरात जायला लागल्यापासून गळतो आहे. प्लंबर आला की ते नळाकडे बघत नाहीत, प्लंबरच्या पिशवीकडे बघतात. मागच्या खेपेला त्याने गंजक्या पान्याच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवला आणि अंगाचा भार टाकला, तेव्हा साडूंनी डोळे मिटून घेतले. "अरे, त्याला दुखेल!" प्लंबर म्हणाला, "मग काका, तुमच्यातला एक द्या ना. दुकान उघडण्याएवढा माल आहे तुमच्याकडे." साडूंनी जरा विचार केला आणि म्हणाले, "त्यापेक्षा गळू दे." आतून ताईंचा आवाज आला, "ऐकलंत? बादल्या ओतून ओतून बायको वाकली तरी चालेल, पाना वाकता कामा नये!"

उसना मागितलेला पाना ते नाही म्हणत नाहीत. ते पान्याबरोबर स्वतः जातात. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी एकदा पंखा लावायला स्क्रू ड्रायव्हर मागितला, तर हवालदाराने कैद्याला कोर्टात न्यावं तसे साडू तो घेऊन गेले, खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि इलेक्ट्रिशियनने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंख्याच्या दांड्यावर नुसती एक टिचकी मारली तशी सुनावणी तहकूब करून कैदी परत घेऊन आले. पंखा दुसऱ्या दिवशी लागला, दुसऱ्याच कुणाच्या स्क्रू ड्रायव्हरने. रंगाचा डबा उघडायला स्क्रू ड्रायव्हर वापरणाऱ्या माणसाशी ते बोलतच नाहीत. मी वापरतो, हे त्यांना अजून माहीत नाही.

आता ही सगळी हत्यारं एकाच दुकानची आहेत, हे सांगायला हवं. गिरगावात एक जुनं दुकान होतं. नाव सांगत नाही, पण त्यांच्या मालावर हत्तीचा शिक्का असे, म्हणून सगळे त्याला हत्तीवालेच म्हणत. हत्तीवाले स्वतः काही घडवत नसत. माल पंजाबातल्या कारखान्यांतून करून आणायचा आणि त्यावर आपला हत्ती ठोकायचा. पण ठोकताना निवड कडक असे, आणि हत्ती बघितला की माणूस डोळे मिटून पैसे देई. पुढे कारखाने बदलले, मालक बदलले, आणि साडूंच्या मते हत्तीच्या अंगावरून ते सरळ वाचता येतं. पहिल्या काळातला हत्ती पोलादात खोल कोरलेला, सोंड वर, शेपटीला गोंडा, पायांची नखं मोजून घ्या. दुसऱ्या काळात नखं गेली. तिसऱ्या काळात गोंडा गेला आणि त्याच सुमारास पकडीचे जबडे एकमेकांना टाळायला लागले. मग शेपटीच गेली. "शेपटी गेली तेव्हाच मी हिला म्हटलं, संपलं!" हे वाक्य साडू अशा आवाजात म्हणतात की नवख्या माणसाला घरातलं कोणी गेल्यासारखं वाटावं. हल्ली हत्ती कोरलेला नसतोच. कागदी चिकटपट्टीवर एका रेघेत काढलेला असतो, आणि साडूंचं म्हणणं की तो हत्ती नसून चहाची किटली आहे. मी ती पट्टी नीट बघितली आहे. म्हणणं अगदीच खोटं नाही.

माल पारखायच्या त्यांच्या दोन पद्धती. पहिली कानाची. पाना दोऱ्याला टांगायचा, दुसऱ्या पान्याने हलकेच मारायचा आणि कान लावून ऐकायचं. पहिल्या काळातला पाना देवळातल्या घंटेसारखा बराच वेळ गुणगुणत राहतो. शेपटी गेल्यानंतरचा एकदाच "टप्" म्हणतो आणि गप्प बसतो. लोअर परळच्या एका मॉलमधल्या दुकानात त्यांनी असे एकामागून एक पाने वाजवत नेले, तेव्हा विक्रेता धावत आला. "अंकल, ये बजाने का नहीं है!" साडू म्हणाले, "मालूम है. इसीलिए तो बज नहीं रहा."

दुसरी पद्धत वजनाची, आणि तिला लालबागच्या बाजारातली एक भाजीवाली वैतागलेली आहे. नवा पाना दिसला की साडू तो तिच्या काट्यावर ठेवतात आणि शेजारी आपला जुना. "मावशी, जरा बघ गं किती भरतो." ती म्हणते, "काका, रोज नुसता लोखंडच तोलून नेता. कधीतरी मेथी घ्या, तिच्यात पण लोह असतंय!" ती बाई हुशार आहे. मेथी घेतल्याशिवाय आता ती काटा चालू करत नाही, त्यामुळे हत्तीचा ऱ्हास सुरू झाल्यापासून ताईंच्या घरी मेथी फार होते.

मी हिशेबाचा माणूस. मला नुसतं "पूर्वीचं ते चांगलं" चालत नाही. मी त्यांना एकदा मांडून दाखवलं की त्यांनी त्यांचा गोटी-पान्याचा संच घेतला तेव्हा त्याला त्यांचा जवळजवळ महिन्याचा पगार गेला होता, आणि आज तेवढ्याच नगांचा संच साधा कारकूनसुद्धा दोन-तीन दिवसांच्या पगारात घेईल. मधल्या काळातला माल वाईट होता, कबूल. मीच घेतलेल्या एका स्क्रू ड्रायव्हरचं टोक पहिल्याच स्क्रूला जिलबीसारखं वळलं होतं. पण अलीकडचा बरा आहे. साडूंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "महिन्याच्या पगाराची वस्तू माणूस जपतो. दोन दिवसांच्या पगाराची हरवतो. तुम्ही किमतीचा हिशेब केलात, हरवण्याचा केला नाहीत." मी मेथीची भाजी वाढून घेतली.

एक महिन्याचा पगार घालून कारकुनाने गोटी-पाना कशाला घ्यावा, हे ताईंनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. साडूंना स्कूटर घ्यायची होती. त्या काळी स्कूटरला नंबर लावावा लागे आणि तो यायला वर्षं जात. नंबर लावला त्याच आठवड्यात साडू हत्तीवाल्यांकडून स्कूटरला लागतील तेवढी सगळी हत्यारं घेऊन आले. "स्कूटर काय, कधीही येईल. हत्यार आधी घरात पाहिजे." मग नंबर आला तो नेमका ताईंच्या बाळंतपणाच्या महिन्यात. ते बाळंतपण अवघड गेलं, इस्पितळाचं बिल मोठं झालं, आणि नंबर दुसऱ्या कोणाला गेला. हत्यारं राहिली. साडूंनी पुन्हा नंबर लावला नाही आणि त्यावर ते कधी बोललेही नाहीत. माझ्या स्कूटरवर मात्र ते कधी बसत नाहीत. दादरला आमच्याकडे आले की खाली तिच्याभोवती एक फेरी मारतात, एखादा नट बोटाने दाबून बघतात आणि मान हलवतात. "गॅरेजवाल्याने कसल्या पान्याने आवळलंय कोण जाणे. मी आपला बसने जाईन."

त्या संचातला मुकुटमणी म्हणजे रॅचेट. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हा वीतभर लांबीचा दांडा असतो. टोकाला गोटी, म्हणजे नटाच्या मापाचं पोकळ टोपण, बसवून एका बाजूला फिरवला की बोल्ट आवळतो, आणि उलट फिरवला की बोल्टला न हलवता नुसता कट्-कट्-कट् करत परत येतो. साडूंच्या रॅचेटने स्कूटर काय, साधा पाळण्याचा बोल्टही कधी आवळला नव्हता. पण तो रोज चालायचा. संध्याकाळी बातम्या लागल्या की साडू तो हातात घेत आणि बातम्या संपेपर्यंत कट्-कट्-कट् फिरवत राहत. सरकारं आली, पडली, पुन्हा आली. रॅचेट फिरत होता. ताई म्हणायच्या, "लोकांचे नवरे निवृत्तीनंतर जपमाळ ओढतात. आमच्या ह्यांची माळ किर्लोस्करी आवाजाची आहे, एवढाच फरक."

आणि खंडेनवमी हा त्या घरातला सगळ्यांत मोठा सण. दिवाळीला साडू जुन्या शर्टात असतात, पण खंडेनवमीला सोवळं नेसतात. पाटावर पहिल्या काळातले हत्ती. पाटाखाली, फरशीवर, गोंडा गेलेले. बिनशेपटीचे पार दाराशी, वर्तमानपत्रावर. पाटावरच्यांना तेलाचं बोट, हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडू. फरशीवरच्यांना हळद-कुंकू. वर्तमानपत्रावरच्यांना झेंडूची नुसती एक पाकळी, तीही लांबून टाकलेली. आम्ही उभयता दरवर्षी जेवायला असतो. गेल्या खंडेनवमीला साडूंना काय उमाळा आला कोण जाणे, त्यांनी रॅचेटवर चिमटीने नाही, ओंजळीने अक्षता वाहिल्या. "वय झालं त्याचं," एवढंच म्हणाले.

दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. ताईंचा फोन आला. "तुम्ही या जरा. रॅचेट गेला."

मी गेलो. टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि साडू हातात रॅचेट घेऊन बसले होते. त्यांनी तो माझ्यासमोर फिरवला. आवाज नाही. उलट फिरवला. आवाज नाही. दोन्ही बाजूंना नुसता गुळगुळीत गरगर फिरत होता. ना पकड, ना कट्-कट्. मी म्हटलं, "दोन स्क्रू दिसतायत मागे. उघडून बघू या." साडूंनी तो छातीशी धरला.

"उघडायचा? हमी जाईल!"

मग त्यांनी संचाच्या पेटीचं झाकण आतून दाखवलं. तिथे छापलेलं होतं की माल निकामी झाल्यास हत्तीवाले तो आजन्म फुकट बदलून देतील, मात्र तो उघडला गेल्यास हमी रद्द. चाळीसएक वर्षं साडूंनी त्या दोन स्क्रूंना हात लावला नव्हता. "अशाच एका वाक्यावर मी किती दावे परत पाठवलेत, तुम्हाला कल्पना नाही," ते म्हणाले. "माझ्या बाजूने मी एक फट ठेवलेली नाही. आता बघू ते काय करतात."

हत्तीवाल्यांचं गिरगावातलं दुकान केव्हाच बंद झालेलं. नातवाने लोअर परळला काचेची मोठी शोरूम टाकली आहे. पाने वाजवले म्हणून साडूंना जिथे टोकलं होतं, ती हीच. साडूंनी तयारीला दिवाळीपर्यंतचा वेळ घेतला. पलीकडचे काय काय म्हणतील आणि त्यावर आपण काय म्हणायचं, याची ते गॅलरीत उभं राहून तालीम करत. पावती मागतील. पावती आहे. दुकान बदललं म्हणतील. नाव तेच आहे. वापर चुकीचा झाला म्हणतील. "वापर झालेलाच नाही!" हे शेवटचं वाक्य ते इतक्या जोरात म्हणत की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंके. शेवटी एका सकाळी इस्त्रीचा शर्ट, काखेत पेटी, रॅचेट टॉवेलात गुंडाळलेला, अशा थाटात आम्ही काळी-पिवळीने निघालो. मी स्कूटर काढतो म्हटलं होतं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

काउंटरवर तिशीतल्या एक मॅनेजर बाई होत्या. साडूंनी टॉवेल सोडला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "मॅडम, आपल्या संस्थेने दिलेल्या लेखी हमीनुसार—"

बाईंनी रॅचेट फिरवून बघितला. "अय्या, किती जुना आहे! चालत नाही ना? देते बदलून."

"अहो पण," साडू गडबडले, "पावती—"

"राहू दे काका, हत्ती आहे ना त्यावर."

"पण दुकान बदललेलं—"

"आमचंच आहे."

"तुम्ही विचारलं नाहीत वापर कसा झाला!"

"कसा झाला?"

"झालेलाच नाही!" साडू ओरडले, पण त्यात आता दम नव्हता. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू दार तोडायला धावत आलेल्या माणसाला ते उघडंच सापडावं. माझ्या कानाशी वाकून ते म्हणाले, "अहो, ही बाई भांडतच नाही!" तोवर बाईंनी कॉम्प्युटरवर काहीतरी टिपलं, नवा रॅचेट काउंटरवर ठेवला आणि जुना उचलून काउंटरखालच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये टाकला. क्रेटमध्ये आधीच लोखंड होतं. त्यावर पडताना जुना रॅचेट वाजला. छान, लांब वाजला. तो गुणगुणायचा थांबेपर्यंत साडू काउंटरपाशी उभे होते.

बाहेर येऊन मी नवा हातात घेतला. आणि मला खोटं बोलता येत नाही. नवा चांगला होता. वजन निम्म्याने कमी, मूठ रबराची, आतले दात बारीक, त्यामुळे अडचणीच्या जागीही थोडक्यात फिरावा. आवाज कट्-कट् नव्हे, रेशमी किर्रर्र. मी तसं म्हणालो. फुकटात सुधारणा झाली, असंही म्हणालो. हे वाक्य मी टॅक्सीत बसेपर्यंत थांबवायला हरकत नव्हती. साडू लालबाग येईपर्यंत टॅक्सीच्या खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंचा फोन. "बातम्या चालू आहेत आणि ह्यांचे हात मांडीवर नुसते पडलेत. नवा शेजारी ठेवलाय. बोटसुद्धा लावत नाहीत. मी म्हटलं, चला, परत मागू या. तर म्हणतात, निकाली निघालेला दावा पुन्हा उघडता येत नाही. अहो, त्या मेल्या रॅचेटचा आवाज नाही तर मलाच झोप येईना!"

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघंही शोरूममध्ये. ह्या वेळी साडूंची तयारी नव्हती. ते ताईंच्या मागे उभे राहिले. ताई म्हणाल्या, "बाळ, हा तुझा घे आणि आमचा दे."

मॅनेजर बाईंना वाईट वाटलं, पण त्या म्हणाल्या, "काकू, बदली झाली की जुना कंपनीचा. भंगारात जमा. परत द्यायची सिस्टिममध्ये सोयच नाहीये."

"विकत घेऊ," मी म्हटलं.

"भंगार सुटं विकता येत नाही."

"तक्रार मागे घेतो," साडू मागून म्हणाले. फार बारीक आवाजात.

"तक्रार खरी होती ना काका? तो खराबच आहे. खराब नसता तर मी बदली रद्द केली असती." असं म्हणत त्यांनी क्रेटमधून जुना काढला. "थांबा, आता आमचा माल आहे, मी उघडू शकते. काय तुटलंय ते तरी बघू." साडू एक पाऊल पुढे आले आणि थांबले. बाईंनी ते दोन स्क्रू काढले, मागची पट्टी उचलली आणि रॅचेट काउंटरवर हळूच आपटला.

तांदळाचा एक दाणा बाहेर पडला. लाल. कुंकू लावलेला.

आम्ही चौघं त्या दाण्याकडे बघत राहिलो. बाईंनी तो बोटावर घेतला. "अक्षता आहे ही," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीची का? आमचे आजोबा घोडपदेवला हातोडीवर वाहायचे. पण हातोडीला फट नसते हो काका." त्यांनी पट्टी बसवली, स्क्रू आवळले आणि रॅचेट फिरवला.

कट्-कट्-कट्.

साडूंचे कान आधी लाल झाले, मग डोळे. ताई म्हणाल्या, "ओंजळीने वाहिल्या होत्या! ओंजळीने! जीव गुदमरला त्याचा!"

"म्हणजे हा खराब नव्हताच," बाई कॉम्प्युटरकडे वळल्या. "मग बदली चुकीची झाली. ती रद्द होते, त्याची सोय आहे. नवा द्या इकडे." मी नवा दिला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि थांबल्या. "काका, ह्या हत्तीला शेपटी कोणी काढली?"

खरंच, चिकटपट्टीवरच्या त्या किटलीला कोणीतरी बॉलपेनने शेपटी काढली होती. टोकाला गोंडासुद्धा. रेघ जरा थरथरलेली. ताईंनी साडूंकडे बघितलं. साडू छताकडे बघत होते. "प्रयत्न केला," ते म्हणाले. "म्हटलं, बघू जमतंय का त्याच्याशी."

बाई हसल्या. "राहू दे. बरी दिसते." मग जुना पुढे करताना त्यांचा चेहरा पडला. "पण काका, एक सांगायला हवं. आता हा उघडला गेलाय. नियमाने ह्याची हमी संपली."

मला वाटलं, आता मात्र दिवाळीपर्यंत तालीम केलेलं सगळं भाषण होणार. साडूंनी दोन्ही हातांनी रॅचेट घेतला. ते बाईंकडे कौतुकाने बघत होते. "अट बरोबर लावलीत," ते म्हणाले. "आमच्या कचेरीत असतात तर फार वर गेला असतात."

त्यानंतरच्या रविवारी दोघं दादरला आमच्याकडे आले. साडूंच्या काखेत पेटी होती. वर यायच्या आधी त्यांनी मला खाली बोलावलं. "तुमच्या स्कूटरचा आरसा ढिला आहे. मागे बघितला होता." मी म्हटलं, हो, आहे. त्यांनी जमिनीवर फडकं पसरलं, पेटी उघडली, आरशाच्या नटाला बसेल ती गोटी तीनदा बदलून शोधली आणि रॅचेटला लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हमी होती तोवर जपला. आता त्यालाही नाही आणि मलाही नाही." आणि त्यांनी नट आवळला. उलट दिशेने. आरसा निखळून त्यांच्या हातात आला. त्यांनी रॅचेटच्या डोक्यावरची खिट्टी फिरवून दिशा बदलली, आरसा पुन्हा बसवला आणि सावकाश, अगदी सावकाश, कट्-कट्-कट् करत आवळला. दोन मिनिटांच्या कामाला जेवणाची वेळ झाली. पण आरसा पक्का बसला. अजून हललेला नाही.

मी म्हटलं, "बसून बघा, नीट दिसतं का." स्टँडवर उभ्या असलेल्या स्कूटरवर साडू बसले. माझ्या स्कूटरवर पहिल्यांदाच. आरसा बघितला. हँडल धरलं. उतरायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. ताई जिन्यापाशी उभ्या होत्या. त्या आल्या, पदर खोचला, पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही पाय एका बाजूला सोडून त्यांच्या मागे बसल्या. खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. ताईंनी एक हात साडूंच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "चला."

साडूंच्या उजव्या हातात रॅचेट तसाच होता. त्यांनी तो फिरवायला सुरुवात केली. कट्-कट्-कट्-कट्. स्कूटर जागेवरच होती. वरून माझ्या बायकोने पानं वाढल्याची हाक दिली, पण मी तिला हाताने थांब म्हणालो.